सद्भावी खरेदीदाराची लक्षणे

जिचे बिल नाही, मूळ खोके नाही आणि जी नेमकी कोणाची होती हे सांगताना विक्रेत्याला दर वेळी नवा नातेवाईक आठवतो, अशा संशयास्पद उगमाच्या गिटारीचा नैतिक विचार आजवर चोराच्या अंगानेच अधिक झाला असून खरेदीदार त्यात उपेक्षित राहिला आहे. वस्तुतः चोराचे काम एका रात्रीत आटोपते, तर अशी वस्तू निर्धास्तपणे वाजवण्यासाठी लागणारे अज्ञान खरेदीदाराला वर्षानुवर्षे जतन करावे लागते, आणि नीतिशास्त्राने या कष्टांची दखल घेऊ नये हे अन्यायाचे आहे.

हा खरेदीदार निष्काळजी असतो, हा समज तर सर्वस्वी चुकीचा होय. पन्नास हजारांची गिटार अकरा हजारांत मिळते आहे असे कळताच तो ठरल्या जागी, जी बहुधा कोणाचे घर नसून रेल्वे स्टेशनबाहेरची चहाची टपरी असते, वेळेआधी हजर होतो. गिटारीची मान, म्हणजे तारा ज्यावरून जातात तो लांब दांडा, डोळ्यासमोर धरून त्याला बाक आला आहे का ते पाहतो. प्रत्येक फ्रेटवर, म्हणजे मानेवर आडव्या ठोकलेल्या धातूच्या पट्टीवर, तार दाबून खरखर ऐकतो. बाराव्या फ्रेटवरचा स्वर मोकळ्या तारेच्या बरोबर एक सप्तक वर लागतो की नाही हे फोनवरच्या ट्यूनरने ताडून घेतो. आणि नकली माल गळ्यात पडू नये म्हणून कारखान्याने घातलेल्या अनुक्रमांकावरून ती कोणत्या साली, कोणत्या देशात बनली याचाही जागच्या जागी छडा लावतो. हा अनुक्रमांक जसा गिटारीचा जन्म सांगतो, तसाच, चोरीच्या फिर्यादीत तो नोंदलेला असल्यास, तिचा मालकही सांगू शकतो. परंतु नेमक्या याच टप्प्यावर संशोधकाची जिज्ञासा तृप्त होते. कव्हरच्या खिशातून निघालेली, कोणा विद्यार्थ्याचे नाव घातलेली सरावाची वही मात्र तो विक्रेत्याला तत्परतेने परत करतो, आणि या प्रामाणिकपणाचे समाधान त्याला पुढे कित्येक दिवस पुरते.

भारतीय कायद्याने या दक्षतेची म्हणावी तशी कदर केलेली नाही. माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम २७ नुसार, मोजके अपवाद सोडता, विक्रेत्यापाशी जेवढा मालकीहक्क असेल तेवढाच खरेदीदाराकडे जातो, आणि चोरापाशी तो मुळातच नसल्याने रोख रक्कम मोजूनही खरेदीदाराच्या पदरात फक्त लाकूड आणि तारा पडतात. त्यापुढे भारतीय न्याय संहिता, २०२३ चे कलम ३१७ असे सांगते की, माल चोरीचा आहे हे ठाऊक असताना किंवा तसे मानण्यास कारण असताना तो अप्रामाणिकपणे घेणारा, किंवा नुसता ठेवून घेणारादेखील, तीन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र ठरतो. ‘मानण्यास कारण’ म्हणजे काय, हे अकरा हजारांच्या आकड्याकडे पाहूनही ज्याला उमगत नाही त्याच्यासाठी ‘सद्भाव’ ही संकल्पना उरते, पण तीही याच संहितेने अशी बांधून टाकली आहे की योग्य ती दक्षता आणि लक्ष यांवाचून केलेली गोष्ट सद्भावाने केलेली म्हणता येत नाही. दक्षता खरेदीदाराने घेतलेली असते, पोटभर घेतलेली असते. ती सगळी मानेवर खर्ची पडलेली असते, एवढेच.

खरेदीदाराचे दुःख खरे जाणले ते इंग्लंडने. तेथील ‘मार्केट ओव्हर्ट’ या प्राचीन नियमाप्रमाणे, रीतसर भरणाऱ्या उघड्या बाजारात सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेत सद्भावाने घेतलेला माल, तो चोरीचा निघाला तरी, खरेदीदाराच्याच मालकीचा होई, म्हणजे मालाच्या शुद्धीकरणाचे काम थेट सूर्यनारायणाकडे सोपवलेले होते. हा नियम १९९५ च्या जानेवारीत संपुष्टात आला. इंग्लंडचा १८९३ चा कायदा समोर ठेवून भारताचा कायदा रचणाऱ्यांनी मात्र तो आधीच गाळला होता, त्यामागे येथे ऊन फार असते हा विचार असावा.

अज्ञान किती काळ टिकू शकते याचे सर्वोत्तम उदाहरणही त्याच देशातले आहे. बीटल्सचे पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये सुमारे ३० पौंडांना घेतलेली हॉफ्नर बास गिटार ऑक्टोबर १९७२ मध्ये लंडनच्या नॉटिंग हिल भागात उभ्या केलेल्या गाडीतून चोरीला गेली. तिचा आकार व्हायोलिनचा आणि ठेवण डावखुऱ्याची; अर्ध्या जगाने जी दूरचित्रवाणीवर पाहिली होती अशी ही वस्तू ५१ वर्षे बेपत्ता राहून २०२३ मध्ये ससेक्समधल्या एका घराच्या पोटमाळ्यावर सापडली आणि मूळ मालकाकडे परत गेली. ओळख असूनही ती न दाखवण्याची कला त्या समाजात किती प्रगत आहे, हे यावरून ध्यानात यावे.

या परंपरेला बाधा आणणारे उदाहरण जपानमधून येते. कॅनडाचे गायक-वादक रँडी बॅकमन यांची १९५७ ची नारिंगी ग्रेच गिटार सत्तरच्या दशकात टोरांटोच्या हॉटेलातून गेली होती. लाकडातील रेषांच्या खुणांवरून एका चाहत्याने ती २०२० मध्ये ताकेशी नावाच्या संगीतकाराच्या हाती असल्याचे चित्रफितीत ओळखले. ताकेशी यांनी ती टोकियोच्या दुकानातून राजरोस घेतली होती, तरीही १ जुलै २०२२ रोजी त्यांनी ती मालकाच्या स्वाधीन केली आणि बदल्यात बॅकमन यांनी त्यांना तिची जवळजवळ जुळी बहीण शोधून दिली. अभ्यासकांनी या गृहस्थांना प्रस्तुत वर्गात धरू नये. ते खरोखरच सद्भावी होते.

लाकडाच्या बाबतीत जग याहून बरेच सोवळे आहे. दुर्मीळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराने २०१७ च्या जानेवारीपासून शिसवीच्या सर्व भाऊबंदांना यादीत घेतले आणि २०१९ च्या नोव्हेंबरात तयार वाद्यांना सूट मिळेपर्यंत सह्याद्रीतल्या शिसवीची पट्टी लावलेली गिटार विक्रीसाठी सीमेपार न्यायची तरी कागदपत्रे लागत. झाड कोणाचे, हे विचारले जात होते.

खरेदीदाराचे उरलेले युक्तिवाद, म्हणजे ‘आपण नाही तर दुसरा कोणी घेईलच’ आणि ‘वाद्य वाजते राहिले पाहिजे’, हे सर्वपरिचित असल्याने त्यांची चर्चा येथे अनावश्यक होय. त्यातील दुसऱ्या युक्तिवादाची धार तर तीन महिन्यांत, बोटांच्या टोकांना घट्टे पडण्याआधीच, बोथट होते आणि गिटार पुन्हा विक्रीस निघते. या वेळी किंमत अडतीस हजार असते, घासाघीस चालणार नाही असे बजावलेले असते आणि जाहिरातीच्या पहिल्याच ओळीत ‘सिंगल ओनर, एकहाती वापर’ असे लिहिलेले असते.