अँटिक पीस

चंद्रपुरात जुना कॅमेरा सापडणं अवघड नाही. तो परवडणाऱ्या भावात सापडणं अवघड. लोखंडी कपाटाच्या वरच्या फळीवर, लग्नाच्या अल्बमच्या मागे, एखादा आग्फा क्लिक थ्री नाही तर याशिका एमएफ-टू जुन्या रुमालात गुंडाळून पडलेला असतो. वर्षानुवर्षं त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलेलं नसतं. आपण "विकता का?" म्हणायचा अवकाश, घरमालकाचा चेहरा बदलतो. "अँटिक पीस हाये भाऊ." मग नागपूरचा मेहुणा फोनवर सांगतो की असले कॅमेरे लाखात जातात. आमच्याकडे मांडूळ साप आणि जुना कॅमेरा या दोहोंचे भाव कायम कोणाचा तरी मेहुणाच ठरवतो.

त्यातला क्लिक थ्री बडोद्याला बनायचा. १२० चा रोल, बारा चौकोनी फोटो, आणि ऊन आहे की ढग एवढीच चौकशी. बिघडण्यासारखं त्यात काही नसल्यामुळे दुरुस्तीच्या शौकिनाची तो घोर निराशा करतो. शौकिनाला हवा बंद पडलेला, तोही गुंतागुंतीचा. बंद कॅमेरा स्वस्त मिळतो, आणि घरी "पैसे वाचवले" असंही सांगता येतं.

मुंबईच्या दिलीश पारेखांनी ४,४२५ जुने कॅमेरे जमवून गिनीज बुकात नाव नोंदवलं. हा आकडा मी घरात अधूनमधून सहज म्हणून टाकतो, म्हणजे त्यापुढे माझा संग्रह संयमाचा नमुना वाटावा. "त्यायचं घर किती खोल्यायचं हाये, ते नाही लिहिलं काय बुकात?" बायकोने विचारलं.

दुरुस्तीच्या पुस्तकांतल्या हत्यारांची किंमत माझ्या कॅमेऱ्याच्या दुप्पट असते. पण त्यांचे गरीब भाऊबंद गोल बाजारात मिळतात. भिंगाभोवतीची खाचांची कडी फिरवायला कंपासपेटीतलं डिव्हायडर, टोकं कानशीने घासून. जिथे खाचाच नाहीत तिथे हवाई चपलेच्या टाचेतून कापलेली रबराची चकती: वरून दाबायची, डावीकडे फिरवायची, कडी मुकाट्याने सुटते. मागच्या दाराच्या खाचेतल्या स्पंजचं काही वर्षांत डांबर होतं. ते खरवडून तिथे काळी लोकर बसवायची. लोकरीच्या दुकानात जाऊन दोन हात काळी लोकर मागणारा बाप्या हा आमच्या बाजारात अजून चर्चेचा विषय आहे. एवढ्यात हे काय विणणार, हा दुकानदारीणबाईंचा प्रश्न रास्तच आहे.

खरा वैरी मात्र मे महिना. पारा ४६-४७ वर गेला की भिंगाच्या आट्यांतलं ग्रीस पातळ होऊन ओघळतं आणि नेमकं डायफ्रॅमच्या पात्यांवर जाऊन बसतं. पाती एकमेकींना चिकटतात. ती लायटरच्या पेट्रोलने धुवायची, नवं ग्रीस भरायचं, आणि पुढच्या मेची वाट बघायची. पावसाळा लागला की भिंगांना बुरशी. म्हणून कॅमेरे हवाबंद डब्यात, सोबत बुटांच्या खोक्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या. आमच्या नात्यात कोणी नवे बूट घेतले की बातमी आधी माझ्याकडे येते. घरी फिल्म धुवायची तर डेव्हलपर २० अंशांवर लागतो. पुस्तकात त्याला खोलीचं तापमान म्हटलं आहे. ती खोली आमच्या जिल्ह्यातली नव्हे. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चहाला चालेल असं येतं. मग माठातलं पाणी आणि गोळेवाल्याकडचा बर्फ. त्या दिवशी घरात प्यायला काय, हा प्रश्न मी काढत नाही; तो काढला जातो.

माझ्या कॅनोनेट कॅमेऱ्याची कथा वेगळी. त्याला पाऱ्याचा १.३५ व्होल्टचा सेल लागायचा. ते सेल बंद झाले. जवळचा पर्याय म्हणजे कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा सेल, १.४ व्होल्टचा. तो हवेवर चालतो; वरचा कागद काढला की वापरा नाही तर ठेवा, काही आठवड्यांत संपतो. त्यामुळे औषधाच्या दुकानात माझी फेरी ठरलेली. दुकानदार भला माणूस. मला पाहताच उठून उभा राहतो आणि रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात विचारतो, "काका, डाव्या कानाचा का उजव्या?" एकदा मी सांगितलं, "अहो, कॅमेऱ्यासाठी हवाय." त्याने कळवळून मान हलवली आणि आवाज आणखी चढवला, "हो हो काका, दोन्ही कानांसाठी देतो!"

ताडोबाच्या गाभ्यात पर्यटकांना मोबाइल न्यायला बंदी आहे, कॅमेऱ्याला नाही. म्हणून मोहर्लीच्या गेटातून मी सोव्हिएत झेनिट-ई घेऊन गेलो. वजन किलोभर, आणि तीस लाखांहून जास्त बनल्यामुळे अँटिक म्हणण्याची सोय नाही. तीस मीटरवर वाघीण. शेजारच्या जिप्सीत ६०० मिलिमीटरच्या तोफा. माझी लेन्स ५८ ची, म्हणजे छत्तीस मिलिमीटरच्या चौकटीत वाघीण जेमतेम चार मिलिमीटर. दाबला खटका. झेनिटचा आरसा 'ठाप्' आपटला. वाघिणीने कानही हलवला नाही. गाइड मात्र दचकून वळला, "काय तुटलं सर?"

पण माणसांच्या फोटोंना हे कॅमेरे फार गुणी. दिवाळीनंतर झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागतो. गडचिरोलीतलं वडसा हे त्याचं ठाणं. गावोगाव मंडई भरते आणि रात्रभर नाटक. तिकडे मी याशिका इलेक्ट्रो नेतो. हा १९६६ सालचा वाण. त्याच्या आत रबराची एक चिमुकली गादी असते. ती झिजली की रोल सरकवताना येणारा 'टक्' आवाज गायब होतो आणि कॅमेऱ्याचं डोकं फिरतं. मी तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा बसवला आहे. टक् परत आला आहे. रात्रीच्या नाटकात त्याचा पिवळा दिवा सतत लागतो, म्हणजे उजेड कमी, हात हलवू नका.

पहाटे नाटक संपल्यावर खलनायक, अर्धी मिशी निघालेली, माझ्याकडे आला. "दाखवा ना, कसा आला?" मी कॅमेरा उलटा करून मागचं काळं कातडं दाखवलं. हा रिळाचा आहे, धुतल्यावर कळेल, असंही सांगितलं. त्याने कॅमेरा हातात घेतला, कातड्यावर अंगठा फिरवून पाहिला, दोनदा दाबला.

"डिस्प्ले गेला याचा," तो म्हणाला. "वडश्याले आपल्या वळखीचा मोबाइलवाला हाये, दोनशेत नवा टाकून देते. माझं नाव सांगजा."