ग्रेड झाली, पियानो कधी?

एखादी गोष्ट निव्वळ आवडते म्हणून करणं हा मराठी मध्यमवर्गात उधळेपणा समजला जातो. गाणं शिकताय? मध्यमा झाली का? चित्रं काढता? एलिमेंटरी दिली होती ना? तेव्हा चाळिशी उलटलेल्या गृहस्थाने हप्त्यावर डिजिटल पियानो आणला, की पहिला प्रश्न ठरलेला: "कितवी ग्रेड?"

याची सोय इंग्रजांनी १८८९ सालीच करून ठेवली आहे. लंडनच्या एबीआरएसएम या संगीत-परीक्षा मंडळाच्या आठ ग्रेड्स मुंबई-पुण्यातही देता येतात. प्रत्यक्ष परीक्षा दीडशे गुणांची, उत्तीर्ण व्हायला शंभर. तीन पीसचे नव्वद, स्केल्सचे एकवीस, साइट-रीडिंगचे (कधी न पाहिलेलं नोटेशन बघून वाजवण्याचे) एकवीस, ऑरलचे (कानाच्या परीक्षेचे) अठरा. प्रत्येक विभागात वेगळं पास व्हावं लागत नाही. मराठी माणसाला गणित शिकवावं लागत नाही: पीस घोटून घ्यायचे, स्केल्स पाठ करायच्या आणि साइट-रीडिंगची अर्ध्या मिनिटाची तयारी कुलदैवताचं नाव घेण्यात घालवायची.

परिणामी वर्षभर घरात तीनच पीस वाजतात. सहाव्या महिन्यात ते शेजाऱ्यांनाही पाठ होतात. पाहुणे म्हणतात, "वाजवा की काहीतरी." गृहस्थ दुसरा पीस वाजवतात. "वा! आणखी एक?" गृहस्थ तिसरा वाजवतात. "आता एखादं आपलं गाणं?" इथे गृहस्थ गंभीर होतात आणि म्हणतात, "ते सिलॅबसमध्ये नाही."

२०२० पासून घरबसल्या व्हिडिओ पाठवायचीही सोय झाली. त्यात चार पीस सलग, मध्ये कॅमेरा बंद न करता. स्केल्स नाहीत, साइट-रीडिंग नाही. तीन पीस चोख होतात, चौथ्याच्या शेवटच्या ओळीला कुकरची शिट्टी होते. मग पुन्हा पहिल्यापासून. घरातली शांतता आणि डाळ, दोन्ही कच्ची राहतात.

बरं, मिळतं काय? दहावीच्या मुलाला शास्त्रीय संगीताच्या परीक्षेचे बोर्डाकडून वाढीव गुण तरी मिळतात. या गृहस्थांना साहेब बढती देत नाही, सोसायटी मेंटेनन्स माफ करत नाही. मिळतं ते प्रमाणपत्र. ते पियानोवरच फ्रेम करून ठेवतात. झाकण उघडायचं तर आधी ते उचलावं लागतं, म्हणून झाकण उघडत नाहीत.

तरीही परीक्षेला सरसकट नावं ठेवणं बरोबर नाही. तारीख डोक्यावर नसली तर हौशी माणूस सरावाला बसतच नाही, तो पियानोवर इस्त्रीचे कपडे ठेवतो. परीक्षकाची भीती निदान कपडे तरी उचलायला लावते. आणि अनोळखी माणसासमोर न थांबता वाजवून दाखवणं, ही हिंमत घरच्या सोफ्यासमोर येत नाही.

म्हणून आमचा निकाल असा: ज्याला परीक्षा द्यायची त्याने खुशाल द्यावी, पण एक ग्रेड झाली की पुढचं वर्ष सिलॅबस कपाटात ठेवावा. आणि परीक्षेच्या वर्षातही एखादं गाणं असं बसवावं, ज्याला कोणीही गुण देणार नाही. पाहुणे तेच मागतात.