धरणाऱ्याला कोण धरणार?

(रिकामा मंच. मध्ये लोखंडी ट्रंक. तिच्यावर नायलॉनची दोरी, एक रॅचेट पट्टा आणि ट्रकच्या जुन्या ट्यूबचा कापलेला तुकडा. खांद्यावर टॉवेल टाकून पिकअपवाला येतो.)

बसा, बसा. पाठ टेकून बसा. टेकून बसलेलं माणूस आन टेकवून ठेवलेलं सामान, दोघांचं पण भलं होतंय.

मी सोलापूरच्या भवानी पेठेतला. घोंगडे वस्तीच्या बाजूला पिकअप उभी असती, ती माझी. आधी सगळं भाडं टॉवेलचं. टॉवेलच्या गठ्ठ्याएवढं गुणी गिऱ्हाईक जगात नाही. ठासून भरलं, फाळका लावला, विषय संपला. हलायला जागाच नाही तर हलतंय कशाला?

पण 19 जानेवारी 2024 ला पंतप्रधान मोदी आले आन कुंभारीच्या रे नगरात 15 हजार घरं देऊन गेले. विडीवाल्या, यंत्रमागवाले, कचरा वेचणारे, ड्रायव्हर, सगळ्यांना. त्याच्या आधी 2006 ला मनमोहनसिंग आले होते, त्याच कुंभारीत, गोदूताई परुळेकर घरकुलाला. तेव्हा 10 हजार. आता बघा, दोन पक्षांचे दोन पंतप्रधान, गाव एकच. घर कसं द्यायचं ते दोघांनी दाखवलं. त्या घरात कपाट कसं न्यायचं, त्याबद्दल भाषणात एक शब्द नाही!

(ट्रंकेवर थाप मारतो.)

ते आमच्याकडं आलं. पूर्व भागातनं जो उठतोय तो कुंभारीला शिफ्टिंग करायलाय. एका खोलीतला संसार. बघायला एवढासा. बाहेर काढला की गल्ली भरती. लोखंडी कपाट, पाण्याची टाकी, पलंग, शिलाई मशीन, विड्या वळायची सुपं, आन शेंगाचटणीची बरणी. बरणी कुणाच्या हातात देत नाहीत. सोनं कपाटात, चटणी मांडीवर.

सामान चढवायला सुरुवात केली की गल्लीतलं प्रत्येक माणूस इंजिनिअर होतंय. पहिले येतात आजोबा.

(पाठीत वाकून) "बांधायलाय कशाला बे? जड हाय की ते. जाग्यावरनं हलतंय होय?"

आजोबा, तुमचं वय मोठं, पण हे खोटं हाय. जड वस्तू हौद्याला जास्त घट्ट बसती, कबूल. पण ब्रेक मारल्यावर पुढं जायचा तिचा जोर पण त्याच मापानं जास्त. हिशोब बरोबरीत सुटतो. म्हणून एकाच बुडाची भरलेली कळशी आन रिकामी कळशी हौद्यात ठेवा, एकाच ब्रेकला दोघी निघतात. आन खड्डा आला तर? गाडी आदळून उडाली की सामान क्षणभर पत्र्यापासनं सुटतंय. सुटलं की पकड शून्य. आता आपल्या रस्त्यावर ते किती वेळा सुटतंय, हे मी सांगायचं का तुम्ही?

मग येतात घरधनी. भाऊजी. (छाती काढून) "अरे, खाली चादर टाक! सोलापुरात राहून चादर नाही तुझ्याकडं?"

भाऊजी, चादरीला जीआय मानांकन मिळालंय ते पांघरायला. रंग दिलेल्या पत्र्यावर चादर अंथरून त्यावर कपाट ठेवलं, तर ती झाली घसरगुंडी. कपाट आडवं झोपून, मऊ चादरीवर, लोळत लोळत केबिनला येऊन धडकणार. 

(ट्यूबचा तुकडा उचलतो.) हे टाकायचं खाली. ट्रकची जुनी ट्यूब. पंक्चरवाला फुकट देतोय, वर "आणखी लागलं तर या" म्हणतोय. पत्र्यावर नुसता पत्रा ठेवला तर वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढी पकड. मध्ये कोरडं रबर घातलं की निम्म्याच्या वर. नव्वद किलोच्या कपाटाखाली एवढंसं रबर, आन अर्धं भांडण मिटलं.

अर्धं म्हणायलोय मी. पुरतं नाही. कारण अजून एक माणूस यायचंय.

(थांबतो. शर्टाच्या बाह्या वर करतो, शीळ घालत चालून दाखवतो.)

अक्काचा भाऊ! म्हणजे भाऊजींचा मेव्हणा. घरातनं सामान काढताना कुठं होता? माहीत नाही. चढवताना? चहा प्यायलालता. सगळं भरून झालं की टुणकन उडी मारून हौद्यात. "दोरीबिरी काय नको. मी धरतो की मागं बसून!"

आन सगळं घर खूष! भाऊजी खूष, दोरी वाचली. अक्का खूष, भाऊ कामाला आला. 

मी म्हटलं, गड्या, तू कपाट धरणार. तुला कोण धरणार?

(निरागसपणे) "मी कपाटाला धरलंय की!"

(प्रेक्षकांकडं बघत राहतो.)

म्हणजे कपाट मेव्हण्याच्या भरवशावर, मेव्हणा कपाटाच्या भरवशावर, आन दोघं मिळून माझ्या ब्रेकच्या भरवशावर!

सामान बांधायचा एक हिशोब असतोय. इंजिनिअर लोकांनी काढलाय, युरोपातल्या ट्रकवाल्यांना तो नियमच हाय. पुढच्या बाजूला वजनाच्या 80 टक्के जोर अडवता आला पाहिजे, बाजूला आन मागं निम्मा. कपाट नव्वद किलोचं. म्हणजे जोरात ब्रेक लागला की बहात्तर किलोचा रेटा. मेव्हणा स्वतःच पंचावन्नचा, ते पण चहा धरून! आन त्याच ब्रेकला तो स्वतः पण पुढं निघालेला असतोय. कपाट त्याच्यावर, का तो कपाटावर, एवढंच बघायचं राहतंय.

"अरे पण सगळे बसतात की!" बसतात. वरातीला बसतात, जत्रेला बसतात. मालाच्या गाडीच्या हौद्यात माणूस बसवणं कायद्यात बसत नाही, तरी बसतात. पलंग पण फाळक्याच्या बाहेर दोन फूट काढतात, त्याला लाल फडकं बांधतात आन वाटतं, झालं कायद्याचं समाधान! सामान हद्दीबाहेर आलं तर कलम 194 खाली दंड 20 हजार. पलंग आठ हजाराचा. त्यापेक्षा कुंभारीत नवीन घ्या, जुना मेव्हण्याला द्या, त्याला झोपायलाच पाहिजे असतंय.

(पट्टा उचलतो. सूर बदलतो. बोलताबोलता ट्रंक बांधून दाखवतो.)

बघा कसं करायचं. कपाट रिकामं करायचं. अक्का म्हणते, "साड्या राहू दे की, कापडाला काय वजन?" नाही अक्का, साड्या बोचक्यात. दाराला कुलूप, किल्ली कमरेला. कपाट खाली रबर घालून पुढं केबिनच्या जाळीला चिकटवायचं. बोटभर फट नको. फट म्हणजे पळायला मैदान. बाजूला जागा उरली तर तिथं गाद्या, उशा, साड्यांची बोचकी कोंबायची. तुमच्याकडं कोंबायला भरपूर असतंय, मी बघितलंय.

मग पट्टा. वरनं टाकायचा, दोन्ही बाजूच्या कड्यांना हूक. पण एवढ्यावर भागत नाही. वरनं टाकलेला पट्टा सामान नुसतं खाली दाबतो. म्हणून दुसरा पट्टा कपाटाला मागनं वळसा घालून दोन्ही टोकं पुढच्या कड्यांना. आता मागं जायचं म्हटलं तरी जाता येत नाही. कोपऱ्यावर ट्यूबचा तुकडा, नाहीतर लोखंडाची धार पट्टा कापती. 

(रॅचेट ओढतो. कट्-कट्-कट्.) हा आवाज ऐकला? हा पट्टा आवळल्याचा. 

नायलॉनची दोरी वाईट नाही, पण ताणती, आन चकचकीत असली तर गाठ सुटती. आन कशानं पण बांधा, अक्कलकोट रोडला लागलं की गाडी बाजूला घेऊन परत आवळायचं. हादऱ्यानं सामान खाली बसतंय, पट्टा ढिला पडतोय. तेवढ्यात मागनं आवाज येतोय, "आता कशाला थांबलायस बे?"

गॅसची टाकी उभी, बांधलेली. जड सगळं खाली, हलकं वर. देव्हारा केबिनमध्ये अक्काच्या मांडीवर. चटणीची बरणी भाऊजींच्या. मेव्हण्याला मी वीस रुपये दिले आन सांगितलं, रिक्षानं ये, उतरवायला माणूस लागतंय.

(पट्ट्याचं उरलेलं टोक नीट गुंडाळून खोचतो.)

तर मंडळी, रे नगरात ज्यांचं घर लागलंय त्यांनी बोलवा. भाड्यात शंभर-दोनशे कमी करतो, रबर माझं, पट्टे माझे. पण हौद्यात कुणी माणूस चढलं तर मी चावी फिरवत नाही. मग तो कुणाचा पण मेव्हणा असू दे.

(पडदा)