वेडी बाभूळ आणि फुटबॉल

आमच्या धाराशिव जिल्ह्याला स्वतःच्या चिंता काही कमी नाहीत. सोयाबीनला भाव, पीकविम्याचे पैसे आणि कृष्णा खोऱ्याचं पाणी या तीन गोष्टी ‘येणार, येणार’ असं ऐकत माझी सगळी नोकरी झाली. सेवानिवृत्तीच्या सत्कारातही पाहुण्यांनी तेच सांगितलं. त्यात आता चौथी चिंता येऊन बसली आहे. अमेरिकेत फुटबॉल टिकणार का?

ती घरात आणली पुतण्यानं. तो न्यू जर्सीत असतो, संगणकाचं काहीतरी करतो आणि रविवारी फोन करतो. पूर्वी फोनवर पाऊसपाणी निघायचं, कोण गेलं, कोणाचं जमलं हे निघायचं. आता त्याचं एकच पालुपद, ‘‘काका, इथं फुटबॉल रुजला बरं का! आता काही हलत नाही.’’ थोरले बंधू, म्हणजे त्याचे वडील, फोन स्पीकरवर आहे हे विसरून मला विचारतात, ‘‘ह्याला तिकडं नोकरीला धाडलाय का फुटबॉल पेरायला?’’

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलेला माणूस. उत्तर बरोबर आलं तरी रीत दाखवल्याशिवाय गुण देत नाही. म्हटलं, रीत दाखव. त्यानं दाखवली. 1996 साली दहा संघांवर सुरू झालेली तिथली मेजर लीग सॉकर आता तीस संघांची झाली आहे. जुलै 2023 मध्ये मेस्सी मायामीच्या संघात आला, तेव्हापासून पोरंसोरं गुलाबी जर्सी घालून हिंडतात. 2026 चा विश्वचषक अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोच्या वाट्याला आला. संघ 48, सामने 104, आणि अंतिम सामना कुठं? तर न्यू जर्सीत. हे शेवटचं वाक्य तो अशा थाटात म्हणतो, की ते स्टेडियम ह्याच्याच सातबाऱ्यावर चढलेलं असावं.

मी म्हटलं, बाबा रे, हे पहिल्यांदा घडत नाही. 1975 साली न्यूयॉर्कच्या कॉसमॉस संघानं साक्षात पेलेला नेलं होतं. मैदानं भरली, वर्तमानपत्रं भरली. 1977 मध्ये तो संघ कोलकात्यात येऊन मोहन बागानशी 2-2 असा बरोबरीत सुटला, म्हणजे आपल्यालाही प्रसाद मिळाला. मग पेले निवृत्त झाला, आणि 1984 च्या हंगामानंतर कॉसमॉस ज्या लीगमध्ये खेळायचा, ती आख्खी लीग गुंडाळली. पुढे 1994 चा विश्वचषक अमेरिकेत भरला. सुमारे 36 लाख लोकांनी मैदानात बसून सामने पाहिले. पण अंतिम सामन्याला ब्राझील आणि इटलीनं काय करावं? एकशे वीस मिनिटं गोलच केला नाही. बास्केटबॉलमध्ये एकेका संघाचे शंभर गुण मोजणाऱ्या राष्ट्राला त्यांनी दोन तास शून्याकडे बघत बसवलं. 2023 च्या अखेरीस गॅलप या जनमत चाचणी घेणाऱ्या संस्थेनं अमेरिकी लोकांना विचारलं, बघायला कुठला खेळ सगळ्यांत आवडतो? शंभरातल्या 41 जणांनी त्यांचा तो हातात घेऊन पळायचा फुटबॉल सांगितला. पायानं खेळायचा सांगणारे निघाले पाच. ‘‘पाच टक्के,’’ मी म्हणालो, ‘‘आमच्या शाळेत ह्याला नापास म्हणतात.’’

‘‘काका, पूर्वी तेवढेही नव्हते,’’ तो म्हणाला. पोरगं हुशार आहे. माझ्याच हाताखालून गेलेलं.

थोरामोठ्यांच्या हस्ते लावलेल्या रोपाचं पुढं काय होतं, हे आमच्या जिल्ह्याला सांगावं लागत नाही. दर पावसाळ्यात तोच खड्डा, तीच झारी, तेच हसरे चेहरे. बदलतं ते फक्त रोप. पेले हे 1975 चं वृक्षारोपण आणि मेस्सी हे 2023 चं, असा मला दाट संशय होता. याउलट वेडी बाभूळ बघा. ती आमची नव्हेच, मूळची मेक्सिको-दक्षिण अमेरिकेकडची. तिच्यासाठी ना फीत कापली, ना खड्डा खणला. शेळ्यांनी शेंगा खाल्ल्या, गावभर लेंड्या टाकल्या, आणि आज ओढा म्हणू नका, गायरान म्हणू नका, जिकडे तिकडे तीच. उपटून दाखवा! शेळी म्हणाल तर उस्मानाबादी. जिल्ह्याचं नाव बदललं तरी हिनं आपलं बदलू दिलं नाही. अमेरिकेतही अशा शेळ्या निघाल्या. सीमेपलीकडून फुटबॉल घरातूनच घेऊन आलेली मेक्सिकन कुटुंबं, आणि शनिवारी सकाळी पोरांना गाडीत कोंबून मैदानावर नेणाऱ्या आया. या आया एवढ्या झाल्या, की 1996 च्या अध्यक्षीय निवडणुकीत ‘सॉकर मॉम’ नावाचा मतदारवर्गच उभा राहिला.

डिसेंबर 2025 मध्ये मेस्सी वानखेडेवर आला, तेव्हा त्या दौऱ्याचं नावच ‘गोट’ होतं. तिकिटाचा दर ऐकून आमचे शेजारी, ज्यांच्या दावणीला नेहमी दहा-बारा उस्मानाबादी असतात, एवढंच म्हणाले, ‘‘एका नगाचे? आन् नुसतं बघायचे?’’

आमच्या गावात फुटबॉल सरकारी मार्गानं आला. 15 सप्टेंबर 2017 या दिवशी महाराष्ट्रात दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळायचा, असं ठरलं होतं. सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात होणार होता, काही सामने नवी मुंबईत होते, म्हणून ही हवा. हवा राज्यात होती, चेंडूत नव्हती. चेंडू चपटे आले. सायकलच्या दुकानातून पंप मिळाला, पण चेंडूत घालायची सुई सगळ्या गावात नाही. ती तालुक्याहून येईपर्यंत ‘फोटो ग्रुपवर टाका’ असा वरून निरोप आला. मग चपट्या चेंडूची चेपलेली बाजू खाली दाबून, मागं फळा धरून, मुलं ओळीत उभी केली आणि फोटो काढला. दहा लाखांत आमची पटसंख्या बसली.

खरा खेळ दुसऱ्या दिवशी झाला. लाथ मारायची वस्तू शाळेनं आपण होऊन हातात द्यावी, यावर मुलांचा आधी विश्वासच बसेना. मैदान काळ्या मातीचं. पावसानं ओढ दिलेली, त्यामुळं भेगा अशा, की चेंडू सरळ मारला तरी तो भेगेच्या मर्जीनं जायचा. गोलपोस्ट नव्हते. मैदानाच्या दोन टोकांना खो-खोचे दोन खांब तेवढे होते, टोकाला एक याप्रमाणं. मी नियमावली काढून बसलो, तोवर पोरांनी तोड काढली होती. चेंडू खांबाला लागला की गोल. फिफानं हा नियम घेतला तर निम्मे वाद मिटतील. पास देताना सगळी ओरडत होती, ‘‘खो!’’ आणि ज्याला खो मिळाला तो सवयीनं चेंडू तिथंच टाकून दुसऱ्याच्या मागं धावत सुटे. ऑफसाइड समजावून सांगायचा मी प्रयत्न केला. सातवीतला एक जण म्हणाला, ‘‘गुर्जी, पुढं जाऊन थांबलाय तर हुशार हाय की तो. त्याला कामून शिक्षा?’’ याचं उत्तर डी.एड.ला शिकवलेलं नव्हतं.

मधल्या सुटीनंतर चेंडू कुंपणात गेला. कुंपण वेड्या बाभळीचं. फुस्स! पंक्चरवाल्यानं ब्लॅडर पाण्यात बुडवून बुडबुडे मोजले, मग मोजणं सोडून दिलं. ‘‘गुर्जी, काय सांगलालाव! ह्याला काटं लागल्यात का ह्येच काट्यावर भरलंय?’’ मुलं मात्र हिरमुसली वगैरे नाहीत. खांब होतेच. पाचव्या मिनिटाला खो-खो सुरू झाला.

पुढच्याच महिन्यात, 6 ऑक्टोबरला, दिल्लीत त्या विश्वचषकातला भारताचा पहिला सामना झाला. कोणत्याही वयोगटाच्या फिफा विश्वचषकात भारत प्रथमच मैदानात उतरत होता, आणि समोर कोण? अमेरिका! आपल्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, म्हणून गल्लीतली मंडळी माझ्याकडे टीव्हीसमोर जमली. आपण 3-0 नं हरलो. शेवटची शिट्टी वाजली आणि सगळे समाधानानं उठले. ‘‘तीनच झाले. पोरं लई पळाली बरं का.’’ हीच माणसं क्रिकेटमध्ये हार दिसू लागली की रिमोट आपटतात, कर्णधाराच्या सात पिढ्या काढतात. माझ्या मनात तेव्हाच खूणगाठ बसली. हरल्यावर कौतुक करतो तो पाहुणा. ‘ह्यांना घरी बसवा’ म्हणतो तो घरचा.

आणि चारच दिवसांनी, 10 ऑक्टोबरला, अमेरिकेचा मोठ्यांचा संघ त्रिनिदादमध्ये 2-1 नं हरला आणि 2018 च्या विश्वचषकातून बाहेर पडला. बरोबरी झाली असती तरी चाललं असतं. तिकडच्या टीव्हीवर जाणकार म्हणवणारी माणसं गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होती. प्रशिक्षकानं तीन दिवसांत राजीनामा दिला. आमच्या पुतण्यानं त्या रविवारी फोनच केला नाही. थोरले बंधू घाबरले, नोकरी गेली की काय. मला मात्र तेव्हा पहिल्यांदा वाटलं, तिकडं काहीतरी मूळ धरतंय. कारण 1950 च्या विश्वचषकात याच अमेरिकेनं इंग्लंडला 1-0 नं हरवलं होतं, आणि तो सामना बघायला सगळ्या अमेरिकेतून एक पत्रकार गेला होता, तोही रजा काढून, पदरचे पैसे खर्चून. तेव्हा जिंकल्याची दखल नव्हती. आता हरल्याचं सुतक पाळतात. (त्याच 1950 मध्ये आपणही पात्र ठरलो होतो. आपण गेलोच नाही. त्यामुळं हरायचा प्रश्नच मिटला.)

सुतक कसं पाळतात ते बघायचं तर कोल्हापूरला जावं. एका प्रशिक्षणाच्या निमित्तानं मी गेलो होतो. दुपारी शाहू स्टेडियमवर दोन पेठांच्या संघांचा सामना होता. शेजारच्याला सहज विचारलं, आपण कोणाच्या बाजूनं ओरडायचं? त्यानं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, ‘‘उतरलाय कुठल्या पेठंत?’’ लॉज मंगळवार पेठेत निघाला, म्हणून माझा प्रश्न आपोआप सुटला. शिवाजी पेठेत खोली स्वस्त मिळाली असती तर माझी निष्ठाही बदलली असती. ‘फुटबॉल टिकणार का’ असं मी चुकून विचारलं असतं, तर दोन्ही बाजूंनी मिळून मला धुतला असता, आणि त्या दोन पेठांत त्या दिवशी झालेली ती एकमेव एकजूट ठरली असती.

आता आमच्याकडे या. खो-खो म्हटलं की धाराशिव, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. आमची सारिका काळे. तिच्या नेतृत्वाखाली भारतानं 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं, 2020 ला तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. फलक एवढे लागले, की फलकावरच्या पुढाऱ्यांत ती शोधावी लागत होती. पण एरवी खो-खोचा सामना बघायला जा. प्रेक्षकांत कोण? राखीव खेळाडू, पुढच्या सामन्याचे पंच आणि आपली पोरगी घेऊन जायला आलेले वडील, तेही मोटारसायकल चालू ठेवून. लहानपणी खो-खो सगळे खेळलो. मोठेपणी बघतो क्रिकेट. अमेरिकेत अनेक वर्षं हेच होतं. शनिवारी पोरं फुटबॉल खेळत आणि मोठी झाली की दुसरंच काही बघत. फरक पाडला तो तिथल्या पोरींनी. 1991, 1999, 2015, 2019 असे चार विश्वचषक त्यांच्या महिला संघानं आणले. 1999 च्या अंतिम सामन्याला नव्वद हजारांवर माणूस लोटला होता. पुरुषांच्या संघाला अजून अंतिम फेरीचा रस्ता सापडायचा आहे.

न्याय म्हणून हेही सांगतो, की अमेरिकेत क्रिकेट रुजावं अशी मात्र आमच्या गावाची फार इच्छा आहे. 6 जून 2024 ला अमेरिकेनं पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवलं. ती ओव्हर टाकली मुंबईच्या सौरभ नेत्रावळकरनं. दुसऱ्या दिवशी आमच्या कट्ट्यावर अमेरिका हा महाराष्ट्राचाच एक विभाग आहे, असं वातावरण होतं.

मग एका डिसेंबरात पुतण्या सहकुटुंब आला. त्याची दहा वर्षांची मुलगी तिकडं एका क्लबात फुटबॉल खेळते. गावच्या पोरींबरोबर ती शाळेच्या मैदानावर उतरली, पायात खिळ्यांचे बूट, नडगीला पट्ट्या. समोर सगळ्या अनवाणी. पंच मी. तिनं आधी विचारलं, गोल कुठं आहे? मी खांब दाखवला. तिनं बापाकडे पाहिलं. बापानं आभाळाकडे पाहिलं. पण खेळली झकास. दोन वेळा खांबाला नेम मारला. बरोबरी असताना शेवटी आमच्या सहावीतल्या एका पोरीनं लांबून चेंडू हाणला. तो एका भेगेत अडखळला, वळला आणि खांबाला लागला, किंवा लागला असं आम्हा इकडच्या लोकांना दिसलं. मी गोल दिला. तिकडची म्हणाली, चेंडू खांबाला लागलाच नाही, व्हिडिओ बघा. व्हिडिओ तिची आई काढत होती, पण नेमक्या त्या वेळी ती शेळीच्या पिलाचा काढत होती.

त्याला आता कितीतरी महिने झाले. रविवारचा फोन येतो. पुतण्या मेजर लीगचं सांगू लागला की मागून पोरगी फोन हिसकावून घेते. नमस्कार नाही, तब्येत कशी आहे नाही. ‘‘आजोबा, तो गोल नव्हता. तिला सांगितलं का?’’

गेल्या आठवड्यात मी शाळेकडे गेलो तेव्हा सहावीतली ती, आता सातवीतली, खांबाशी उभी होती. निरोप सांगितला. तिनं क्षणभरही विचार केला नाही.

‘‘गोलच व्हता. खांबाला इचारा म्हनावं.’’