कडता

शेरूचं पहिलं वजन झालं ते अडतीच्या काट्यावर. धर्मापुरीत कुत्र्यासाठी वेगळा काटा कुठून असणार? सोयाबीनची पोती उतरून झाल्यावर त्याला वर बसवला, तर तो हमालांकडं बघून शेपूट हलवायला लागला आणि शेपटीबरोबर आकडेही नाचायला लागले. शेवटी मीच त्याला उचलून काट्यावर उभा राहिलो. दोघांचे मिळून 111 किलो. त्याला उतरवून मी एकटा 68. म्हणजे ऐवज 43 किलोंचा.

"सर, मॉइश्चर किती धरायचं?" हमालानं विचारलं.

मोती-टिप्याच्या गावात हा लॅब्राडोर आणला पोरानं, पुण्याहून. नंतर पोरगं पुण्याला परत गेलं, कुत्रं राहिलं. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी सांगितलं, या जातीच्या नराला तीस ते छत्तीस किलो पुष्कळ झाले. आणि काट्याशिवायची एक परीक्षाही शिकवली. मूठ वळून बोटांच्या सांध्यांवर हात फिरवा. फासळ्या तशा लागल्या तर कुत्रं रोडावलंय. तळहाताची बोटांखालची गादी चाचपा. तसं लागलं तर माजलंय. हात पालथा धरून चाचपल्यावर जसं लागतं, तसं बरोबर. शिवाय वरून पाहिलं तर कंबर दिसली पाहिजे.

कंबर कशी असावी हे आमच्या गावाला शिकवायला नको. केदारेश्वराच्या भिंतीवर चालुक्यांच्या काळापासून सुरसुंदऱ्या उभ्या आहेत. सकाळी शेरूला तिकडं फिरायला नेतो तेव्हा एकदा वर बघतो, एकदा खाली. खाली वरवंटा चाललेला असतो.

मग चौकशी लावली. घरात त्याला दोनदाच खायला घालतात, असं प्रत्येकाचं म्हणणं. पण प्रत्येकाचं दोनदा वेगळं! बायको सकाळी दूध-भाकरी चुरते. शेजारच्या काकू 'तुमच्या लक्षात राहत नाही' म्हणून धपाटं टाकतात. चहाच्या हॉटेलावर त्याची बिस्किटांची उधारी नाही, बक्षिसी आहे. आणि आई. पहिली भाकरी गाईची, शेवटची कुत्र्याची, हा तिचा नेम. या नेमात मापही आहे, पण शेरूनं पहिली आणि शेवटची यांच्यामधल्याही लावून घेतल्या.

"उपाशी मारू लागलास का रे मुक्या जिवाला?" मी विषय काढला तर आई म्हणाली. "कुत्र्यानं भाकरी पळवली तर नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन मागं पळाले!"

तिथं कुत्र्याच्या मागं वाटी पळाली. आमच्यात वाटीमागं कुत्रं पळतं, एवढाच फरक. पण हे आईसमोर बोलायची माझी छाती नाही.

पोरानं फोनवर शास्त्र पाठवलं. अमेरिकेत 48 लॅब्राडोर जन्मभर सांभाळले, एकाच वेतातल्या जोड्या लावून. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिश्शानं कमी खायला. 2002 साली निकाल छापला: कमी खाणारे जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले, आणि त्यांचे सांधेही उशिरा धरले. मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "दोन वर्षं जास्त, पण उपाशीच ना?" याला शास्त्रात उत्तर नाही.

दुसरा शोध मात्र मला शेरूच्या बाजूनं घेऊन गेला. केंब्रिजवाल्यांना 2016 मध्ये सापडलं, की साधारण चारांतल्या एका लॅब्राडोरच्या अंगात एक जनुक तुटका असतो. पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट पोचतच नाही. ज्याला लोचट म्हणून मी हाकलत होतो, तो कदाचित खरंच भुकेला होता. रस्त्यावरचा मोती धपाट्याचा तुकडा अर्धा टाकून निघून जातो. शेरू ताट चाटून झाल्यावर ताटाची जागाही चाटतो.

शेवटी तोड आईनंच काढली. कुत्र्याला तुकडा टाकणं तिला पटत नाही. भाकरी द्यायची तर अख्खी. म्हणून सगळ्या भाकरी झाल्या की परातीत उरलेल्या पिठाची ती तळहाताएवढी एक थापते. पुरीपेक्षा जरा मोठी. तव्यावर टाकते, आरावर फुगवते, अगदी टम्म. "अख्खी दिली बरं," असं मला ऐकवून ती शेरूपुढं ठेवते.

परवा काट्यावर 39 भरला. भाकरीवर तुपाचा थेंब अजून असतो. तो मी कडत्यात धरतो.