वाजवलीत तर किंमत उतरेल

बेस गिटार वाजत असताना कुणाचं लक्ष जात नाही. ती थांबली की मात्र गाणं पोकळ वाटायला लागतं. इतक्या निमूट वाद्याला इतके गर्विष्ठ मालक कसे लाभले?

लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलरटनचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. तरी १९५१ साली त्याने प्रिसिजन बेस बाजारात आणली, कारण त्या काळच्या बँडवाल्यांची अडचण त्याला दिसत होती. डबल बेसचं धूड गाडीतून न्यायचं, रंगमंचावर उभं करायचं, आणि एवढं करून नाचगाण्याच्या गोंगाटात ते ऐकूच जायचं नाही. फेंडरने फळी कापली, तिला चार स्क्रूंनी मान जोडली, तारा ताणल्या. मान वाकली तर स्क्रू काढा, नवी बसवा. हिशेब साधा आणि दुकानदारी चोख.

आज त्या मानेवरचा एक स्क्रू नवा निघाला तर गिऱ्हाईक तोंड पाडून घरी जातं.

जुन्या बेसच्या बाजारात पहिला प्रश्न ‘वाजते कशी’ हा नसतो. पहिला प्रश्न असतो, ‘प्री-सीबीएस आहे का?’ जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस कंपनीने एक कोटी तीस लाख डॉलर देऊन फेंडरचा कारखाना विकत घेतला. आदल्या महिन्यात ज्या हातांनी बेस जोडल्या, त्याच हातांनी त्या महिन्यातही जोडल्या. तेच शेड, तीच यंत्रं. पण मालक बदलला, आणि भक्तांच्या लेखी डिसेंबरपर्यंतची बेस देवघरात गेली, पुढची माळ्यावर.

बरं, माळ्यावर तरी किती दिवस? सत्तरच्या दशकातल्या फेंडर बेसना त्या काळी वादक नावं ठेवायचे. वजन खांदा उतरवणारं, रंगाचा थर प्लास्टिकसारखा जाड, फेंडरच्याच ‘जॅझ बेस’ या मॉडेलच्या मानेला चाराऐवजी तीनच स्क्रू. आज याच बेस काचेच्या कपाटात आहेत. वाईट वस्तूही पुरेशी वर्षं टिकली की आदरणीय होते. आपल्याला हे नवं नाही, आपण निवडणुका पाहतो.

१९८२ मध्ये कंपनीने स्वतःच्याच १९५७ आणि १९६२ च्या मॉडेलांच्या नकला काढल्या. जपानमध्येही काढल्या. आता त्या नकलांनीच चाळिशी ओलांडली आहे आणि त्यांच्या अनुक्रमांकांवर पैज लावणारे तज्ज्ञ तयार झाले आहेत.

नकलेची अस्सल प्रत ओळखायला शिका, दिवस बरे येतील.

जपानी बेसच्या जाहिरातीत हमखास एक शब्द असतो, ‘लॉसूट’. म्हणजे हिच्यावरून खटला झाला होता, म्हणजे ही मूळ मालाइतकी चांगली होती, म्हणजे जास्त पैसे काढा. खरा खटला १९७७ मधला, गिब्सनच्या मालक कंपनीने आयबानेझच्या अमेरिकी वितरकावर गुदरलेला, आणि तंटा गिटारच्या शेंड्याच्या आकाराचा. फेंडरच्या वळणाच्या बेसचा त्याच्याशी सुतराम संबंध नाही. पण कोर्टाची पायरी शेजाऱ्याने चढली तरी भाव आपला वाढतो, हे विक्रेत्यांना कळलं आहे.

आता खरेदीचा सोहळा पाहा. गिऱ्हाईक येतं, बेस मांडीवर घेतं आणि वाजवत नाही. खिशातून स्क्रूड्रायव्हर काढतं. मान उतरवून तिच्या टाचेवरची तारीख वाचतं. मग पत्रा उचलून नॉबखालचे पॉट उलटे करतं, कारण तिथे आकडे असतात. ३०४ असेल तर पॉट स्टॅकपोल कंपनीचा, १३७ असेल तर सीटीएसचा, पुढच्या आकड्यांत साल आणि आठवडा. त्यानंतर भिंग लावून सोल्डरचे डाग. डाग कारखान्यातला की नंतर कुणी तार जोडली? पत्रिका जुळवणारे गुरुजीही एवढ्या खोलात शिरत नाहीत, आणि तिथे निदान लग्न तरी लागतं.

इथे बेस पुन्हा बंद करून पेटीत.

पन्नासच्या दशकातल्या काही मानांवर पेन्सिलीने ‘टीजी’ अशी अक्षरं सापडतात. ताडेओ गोमेझ हा फेंडरच्या कारखान्यातला कामगार, माना घडवणारा. त्याच्या दोन अक्षरांनी आज किंमत वर सरकते. रोजंदारीच्या हिशेबासाठी केलेली खूण असेल कदाचित. तिला जो भाव आलाय, तो गोमेझच्या पगाराला कधी आला नसणार.

जुन्या फेंडर बेसवर तारांच्या शेवटी क्रोमचं एक झाकण असायचं, आत स्पंजाची पट्टी. वादकांना ते हाताला आडवं यायचं. त्यांनी ते काढलं, फेकलं, किंवा उलटं ठेवून त्यात सिगारेटची राख झाडली. ‘ॲश-ट्रे’ हे त्याचं टोपणनाव आजही चालतं. आता ते झाकण अस्सल, त्याच सालातलं, मूळ स्पंजासकट मिळावं म्हणून लोक जंग जंग पछाडतात.

राखेसकट मिळालं तर बोलायलाच नको.

रंगाची गोष्ट तर विचारूच नका. पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात फेंडरने खास रंग द्यायला सुरुवात केली. रंग कुठले? मोटारींचे. ड्यूपाँटच्या डब्यातले, कॅडिलॅक आणि फोर्डसाठी बनलेले. लेक प्लॅसिड ब्लू, फिएस्टा रेड. मूळ किमतीवर पाच टक्के जादा भरले की मिळायचे. आज त्या पाच टक्क्यांच्या हौसेची वसुली दामदुपटीने होते. अट एकच, रंग मूळचा हवा. आणि मूळचा म्हणजे? रंगावरचं नायट्रो लॅकर काळाबरोबर पिवळं पडतं. पांढरी बेस लोण्यासारखी दिसते, निळी हिरवट होते. म्हणजे मूळ रंग हवा, पण तो मूळचा दिसता कामा नये. कुणी बिचाऱ्याने १९७३ मध्ये प्रेमाने नवा हात मारून घेतला असेल, तर किंमत निम्मी. बाजाराचा हा ढोबळ नियम आहे आणि त्यात प्रेमाला सूट नाही.

ज्यांना जुनी परवडत नाही त्यांचं काय? त्यांची सोय १९९५ पासून आहे. फेंडरच्या कस्टम शॉपमध्ये नवी कोरी बेस कारागीर घासून, ठोकून, गंज चढवून देतो. याला ‘रेलिक’ म्हणतात. किती झिजवायची याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. कमी झीज, मध्यम झीज, भरपूर झीज. कोपराची जागा खरवडलेली, अंगठ्याची जागा उघडी पडलेली. तीस वर्षांचा रियाझ आता रंगकाम विभागात मिळतो.

बोटांवर घट्टे पाडून देण्याची सोय अजून निघालेली नाही. निघेल.

लाकडावरून भांडणं तर अखंड चालू. साठच्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात फेंडरच्या मानेवरच्या पट्ट्या ब्राझिलियन शिसवाच्या असायच्या. मग भारतीय शिसव आलं. ब्राझिलियन शिसवाच्या व्यापारावर १९९२ पासून आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत, त्यामुळे ते दुर्मीळ, आणि दुर्मीळ म्हणून गोड. जाणकार सांगतात, ब्राझिलियनचा नाद वेगळा. आपल्या सह्याद्रीत वाढणारं शिसव लागलं की हेच जाणकार नाक मुरडतात. एवढंच असेल तर डोळे बांधून ओळखून दाखवा की!

डोळे बांधण्याचा प्रयोग व्हायोलिनवर झालेला आहे. २०१० साली इंडियानापोलिसमध्ये २१ वादकांना अंधाऱ्या खोलीत गडद चष्मे घालून जुनी आणि नवी व्हायोलिनं वाजवायला दिली. जुन्यांत दोन स्ट्रॅडिव्हेरियस होती. सगळ्यात नावडतं ठरलेलं व्हायोलिन त्या दोघांपैकी एक निघालं. बेसवाल्यांनी या प्रयोगातून योग्य तो धडा घेतला.

डोळे उघडे ठेवूनच खरेदी करायची.

आणि ऐकायची कशावर? बेसची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की सुमारे ४१ हर्ट्झचा स्वर निघतो. मोबाइलच्या स्पीकरची तिथपर्यंत पोहोचण्याची ऐपत नाही. तरी मंडळी लाखोंच्या बेसचा व्हिडिओ टाकतात, आणि लोकलमध्ये लोंबकळत मोबाइलवर तो पाहून कुणीतरी लिहितं, ‘काय तो लाकडाचा गोडवा!’ मेंदू उरलेला स्वर स्वतः भरून काढतो म्हणे. पैसे मात्र मालकाने भरलेले असतात.

आता ज्यांच्यामुळे या वाद्याला मान मिळाला, त्यांची हजेरी घेऊ. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचा जेम्स जेमरसन. बेस १९६२ ची प्रिसिजन, उजव्या हाताचं एकच बोट, तारा इतक्या उंच की दुसऱ्याचा हात भरून यावा. तारा तुटल्याशिवाय बदलायच्या नाहीत, साफ करायचं तर नावच नको. साठच्या दशकातल्या मोटाउनच्या रेकॉर्डवर वादकांची नावं छापण्याची पद्धत नव्हती, १९७१ पर्यंत जेमरसनचंही छापलं गेलं नाही. १९८३ मध्ये मोटाउनच्या पंचविशीचा मोठा सोहळा झाला, तो त्याने काळ्या बाजारात तिकीट काढून गॅलरीतून पाहिला. त्याच वर्षी तो गेला. मरणाच्या काही दिवस आधी त्याची ती बेस चोरीला गेली, ती आजतागायत सापडलेली नाही.

सापडलीच तर तिच्यावरच्या मळाची चाचणी आधी होईल.

मुंबईच्या फिल्मी स्टुडिओंतली कथा वेगळी नाही. आर. डी. बर्मनच्या गाण्यांत बेस वाजवणारे टोनी वाझ किती जणांना माहीत आहेत? त्या काळात परदेशी वाद्य मिळवणं म्हणजे दिव्य. परवाने, जकात, कुणाच्या तरी सामानातून येणारी तारांची पाकिटं. जो भाग बिघडला त्याच्या जागी जो मिळाला तो बसवायचा आणि सकाळच्या रेकॉर्डिंगला पोहोचायचं. ‘ऑल ओरिजिनल’ हा शब्द ज्यांना काम नसतं त्यांचा आहे.

जॅको पास्टोरियसने तर कहर केला. त्याच्याकडे १९६२ ची जॅझ बेस होती, जिच्यासाठी आज लोक घर गहाण टाकतील. त्याने तिचे फ्रेट, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या तारा, उपटले. लोण्याच्या सुरीने, असं तो सांगायचा. खाचा बुजवल्या आणि वरून बोटींना लावतात ते इपॉक्सी चोपडलं. संग्राहकाच्या भाषेत ही बेस तिथेच मेली. संगीताच्या भाषेत त्या दिवसानंतर बेस वाजवण्याची रीत बदलली. पुढे १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअर बागेतून ती चोरीला गेली, पुढच्या वर्षी जॅको पस्तिसाव्या वर्षी गेला, आणि वीसेक वर्षांनी बेस न्यूयॉर्कच्याच एका दुकानात उगवली. तुकडे होऊन पुन्हा सांधलेली, चरे पडलेली. मालकीवरून तंटा झाला तेव्हा मेटॅलिकाच्या रॉबर्ट ट्रुहियोने पदरचे पैसे घालून तो मिटवला.

नियमाने पाहिलं तर तिची किंमत शून्याच्या आसपास हवी. पण नियम गरिबांच्या बेससाठी असतात.

‘द हू’चा जॉन एन्टविसल स्वतः पट्टीचा संग्राहक. पण त्याची नावाजलेली बेस कुठली? पाच मोडक्या प्रिसिजनचे भाग जोडून केलेली ‘फ्रँकेन्स्टाइन’. २००२ मध्ये तो वारला. पुढच्या वर्षी लंडनला सदबीजमध्ये त्याच्या संग्रहाचा लिलाव झाला, वारसा कराची सोय करायला. आयुष्यभर जमवलेल्या बेसवर शेवटचा हात कर खात्याचा.

कॅनडाच्या गेडी लीला मात्र सूट द्यायला हवी. त्याने अडीचशेच्या घरात बेस जमवल्या, २०१८ मध्ये त्यांच्यावर पाटाएवढं पुस्तक लिहिलं. पण तो त्या वाजवतो. २०१५ च्या दौऱ्यात एकामागून एक काढून मंचावर वाजवल्या. गंमत वेगळीच आहे. फेंडरने त्याच्या नावाने जी बेस काढली, तिचा नमुना अडीचशे रत्नांतला नव्हे. कॅलामाझूच्या एका गहाणवटीच्या दुकानातून त्याने दोनशे डॉलरना उचललेली काळी जॅझ बेस, ती.

राहिला पॉल मॅकार्टनी. १९६१ मध्ये हॅम्बुर्गला त्याला फेंडर परवडत नव्हती, म्हणून तीस पौंडांची होफनर घेतली. व्हायोलिनच्या आकाराची. दोन्ही बाजू सारख्या, त्यामुळे डावखुऱ्याने उलटी धरली तरी विचित्र दिसत नाही. पसंतीमागचं शास्त्र एवढंच. ऑक्टोबर १९७२ मध्ये ती लंडनच्या नॉटिंग हिलमधल्या एका व्हॅनमधून चोरीला गेली. पन्नास वर्षांनी शोधमोहीम निघाली, बेस एका माळ्यावर सापडली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये बातमी जाहीर झाली. दुरुस्ती करावी लागली. त्याच डिसेंबरात लंडनच्या ओटू सभागृहात मॅकार्टनीने ती गळ्यात अडकवली आणि हजारो लोकांसमोर वाजवली.

लोक रडले म्हणतात. त्यात एखादा तरी संग्राहक असेलच, दुरुस्तीत मूळ सोल्डर हलवला का, या काळजीने.