उष्णतेचं पुनर्वसन

आमच्या भाच्याने गेल्या महिन्यात घरातल्या गिझरला सेवानिवृत्त केलं. कारण विचारलं तर म्हणाला, "मामा, घरात सोळा अँपिअरचा पॉइंट एकच आहे. तो आता मशीनला लागणार."

मशीन म्हणजे कॉम्प्युटर, पण एका पेटीत चार ग्राफिक्स कार्डं असलेला. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियमचं खाणकाम थांबलं आणि खाणीत रात्रंदिवस राबलेली कार्डं जुन्या बाजारात आली. त्यातली आरटीएक्स 3090 जातीची चार याने उचलली. प्रत्येकी 24 जीबी, म्हणजे एकूण 96. एवढ्यात घरच्या घरी एआय चालतो म्हणे, आणि त्याला हा आगरी बोली शिकवणार आहे. नवी मुंबईतल्या आमच्या शिरवण्याच्या गावठाणात आगरी शिकायची तर आजीजवळ बसलं तरी पुरतं. आजीला वीजही कमी लागते. एक पंखा, तोही दोन नंबरवर.

या कार्डाची भूक 350 वॉटची. चारांची 1400. बादलीत सोडायचा रॉड दीड हजार वॉटचा असतो, म्हणजे याच्या टेबलावर बादलीशिवायचा रॉड चोवीस तास चालू. त्यात चारही कार्डं अंगाला अंग लावून. जुईनगरहून सकाळी हार्बरच्या गाडीत चढणाऱ्याला वेगळं सांगायला नको: पहिल्याने सोडलेला श्वास दुसऱ्याने घ्यायचा, दुसऱ्याचा तिसऱ्याने. चौथं कार्ड तापून स्वतःच आपला वेग कमी करायचं. सरकारी खात्यात याला अनुभव म्हणतात, भाच्याने याला थ्रॉटलिंग म्हटलं.

उपाय ठरला पाण्याचा. प्रत्येक कार्डावर तांब्याचा वॉटर ब्लॉक, एक पंप, एक टाकी, एक रेडिएटर आणि या सगळ्यांना ओवणारी नळी. याला लूप म्हणतात. आजीने ब्लॉक हातात घेऊन विचारलं, "तांबं हाय तर पांढरं कसं?" निकेलचा मुलामा, असं उत्तर मिळालं. "म्हंजे कल्हई," आजी म्हणाली आणि विषय संपवला. भाच्याला स्वस्तातला अॅल्युमिनियमचा रेडिएटर घ्यायचा होता. एकाच पाण्यात तांबं आणि अॅल्युमिनियम आले की अॅल्युमिनियम झिजतं, हे त्याला चार रात्री जागून कळलं. कोणत्या भांड्यात काय ठेवायचं नाही हे आजीला लग्नाआधीपासून ठाऊक होतं.

नळ्यांचं काम म्हणून मी गावातल्या प्लंबरला बोलावलं. त्याने फिटिंग डोळ्याजवळ धरली, "पाव इंची आटे," असा निर्वाळा दिला आणि खिशातून टेफ्लॉन टेप काढली. भाचा किंचाळला. इथे टेप चालत नाही, रबरी रिंग असते, हातानेच आवळायचं. प्लंबर दुखावला. "पान्याशिवाय आवळलेलं गळणार," एवढं भाकीत करून चहा पिऊन गेला.

मग गळती-चाचणी. कार्डांना वीज नाही, फक्त पंप चालू, प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर. बॅटरीवाल्याकडून आणलेलं डिस्टिल्ड वॉटर आत सोडलं आणि चोवीस तास पहारा बसला. रात्री दोन वाजता भाचा टॉर्च लावून कागद चाचपत होता. महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे, पण आमच्या इमारतीची मोटर सेक्रेटरींच्या मर्जीवर चालते. नळाला सकाळी तासभर पाणी. त्या रात्री घरातलं एकमेव वाहतं पाणी कॉम्प्युटरच्या पोटात होतं. आजी उठून आली, खळखळ ऐकली आणि घागर घेऊन उभी राहिली. "पानी आलं काय रं?"

कागद कोरडा निघाला. लूप चालू झाला, कार्डं गार झाली आणि खोली तापली.

हे भाच्याला अनपेक्षित होतं, मला नव्हतं. माठातलं पाणी गार होतं, कारण त्यातलं थोडं बाष्प होऊन उष्णता घेऊन कायमचं निघून जातं. लूपमधलं पाणी कुठेच जात नाही. ते गोल फिरणारा पोस्टमन आहे: कार्डाकडची उष्णता रेडिएटरला देतो, रेडिएटर खोलीला देतो. खोलीपेक्षा थंड ते कधी होत नाही. दोन लिटर पाणी आहे आत. रेडिएटरचे पंखे बंद ठेवून कार्डं दामटली, तर नुसत्या गणिताने सात मिनिटांत चहाचं आधण येईल. सुदैवाने कार्डं त्याआधीच संप करतात.

मोठ्या घरांचं तरी वेगळं काय? क्रे-2 हा अमेरिकी महासंगणक 1985 सालीच अख्खा द्रवात बुडवून ठेवलेला होता. पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्मलाही थेट द्रवाने गार करतात. आमच्या आसपास महापे, रबाळे, ऐरोलीला डेटा सेंटर्स उभी आहेत. पनवेलला तर एनव्हिडियाची एच100 कार्डं हजारांच्या हिशेबात आली, त्यातलं एकेक 700 वॉटपर्यंत खातं. सगळ्यांची युक्ती एकच. उष्णता मारता येत नाही, फक्त तिचं पुनर्वसन करता येतं.

आणि पुनर्वसन या शब्दावर शिरवण्याला काय शिकवायचं! 1970 साली सिडको आली, 95 गावांच्या जमिनींवर नवं शहर आखलं गेलं. त्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळायला 1984 चं आंदोलन आणि पाच हुतात्मे लागले. उष्णतेचं नशीब बघा: ना सातबारा, ना मोर्चा, ना वारस दाखला. भाच्याने एका रविवारी तिला शंभर टक्के मोबदल्यासह हलवलं. त्याने नळ्या दोन मीटर लांब केल्या आणि नऊ पंख्यांचा नवा रेडिएटर खिडकीबाहेर, छज्ज्याखाली टांगला. खोली गार, कार्डं गार, भाचा गार.

गावठाणात मात्र आमच्या खिडकीसमोर तीन फुटांवर दुसरी खिडकी असते. ती काकूंची. पहिले दोन दिवस त्यांनी पडदा लावून पाहिला. तिसऱ्या दिवशी गल्लीत आवाज चढला. "तुमचं डोकं थंड, आमचं घर भट्टी!" भाच्याने पंख्यांची दिशा, हवेचा दाब वगैरे समजावलं. मी मात्र लपून बसलो. नव्या शहराचं हे जुनं तत्त्व मला पाठ आहे: ज्याच्या घरात गारवा, त्याने शेजाऱ्याला तांत्रिक माहिती द्यायची.

चौथ्या दिवशी काकू गप्प झाल्या. श्रावणातला पाऊस, आठवडाभर ऊन नाही, आगोटीला भरून ठेवलेला जवळा डब्यात सादळलेला. काकूंनी तो सुपात पसरला आणि सूप आपल्या खिडकीच्या जाळीवर, बरोबर नऊ पंख्यांसमोर ठेवलं. दुसऱ्या दिवशी सुपं दोन झाली. आता वाकट्याही येतात. आसपासच्या बायका आपापले डबे घेऊन नंबर लावतात आणि भाचा मॉडेल बंद करू लागला की समोरून हाक येते, "थांब रं, अजून वल्लं हाय!"

नळ्यांसाठी आमची खिडकी चार बोटं उघडी ठेवावी लागते. त्या फटीतून जवळ्याचा वास येतो आणि खोलीतच मुक्काम करतो. तो बाहेर काढायचा पंप अजून कोणी बनवलेला नाही.

एआयचं आगरी अजून कच्चं आहे. आजी म्हणते, घरात आता वास तरी आगरी झाला.